काठाला बांधलेलं लग्न

फेरीबोटीवर पाहुणे जमले होते, नवरी नटून उभी होती, नवरा सारखी कॉलर नीट करत होता, आणि नेमका त्याच वेळी इंजिनाने संप पुकारला. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. खाली इंजिनघरात कोपरापर्यंत तेलाने माखलेली एक बाई त्या इंजिनाला अशा काही शिव्या घालत होती, की वरच्या मंडळींनी ऐकल्या असत्या तर निम्मे पाहुणे तिथूनच घरी गेले असते.

ही बाई म्हणजे इंजिनबाई. तिला दुसरं नाव होतं, पण नदीच्या दोन्ही काठांवर ते कुणी वापरत नसे आणि तिलाही त्याची आठवण क्वचितच यायची. बोटीचा कप्तान तिचा सख्खा मामा. आईबाप लवकर गेले, तेव्हा मामानेच तिला वाढवलं. शाळेत तिचं मन रमेना, तेव्हा हातात पाना दिला तोही त्यानेच. बोट लहान, माणसं तीनच: वर सुकाणूवर मामा, खाली इंजिनावर ती, आणि धक्क्यावरच्या खुंट्याला दोर बांधायला-सोडायला एक दोरवाला.

फेरीच्या कप्तानाला बोटीवर लग्न लावायचा अधिकार होता. काठावरच्या कचेरीत लग्न म्हणजे लाकडी बाकावर बसून आपला नंबर कधी लागतो याची वाट बघायची. बोटीवर वारा असतो, पाणी असतं, मामाचा खणखणीत आवाज असतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी बोटीवर लग्नांची रीघ लागायची, आणि मामा त्या दिवशी टोपी जरा जास्तच झोकात घालायचा.

नळी काही लवकर वठणीवर येईना. शेवटी इंजिनबाई चिंधीला हात पुसत वर आली.

"मामा, तू थांबलायस कशाला? लावून टाक ना लग्न. तोवर मी हवा काढते."

"असं चालत नाही," मामा म्हणाला. त्याचं तोंड नवरीच्या बापाकडे होतं, आणि आपल्या अधिकाराबद्दल बोलायची संधी मामा सहसा सोडत नसे. "काठावरच्या लग्नाचा अधिकार कचेरीला. माझा अधिकार पाण्यावरचा. दोर सुटला, बोट काठापासून निघाली, की मग शपथा. दोर खुंट्याला असताना दिलेल्या शपथांना काही अर्थ नाही. असं लग्न म्हणजे लग्नच नव्हे. कायदाच आहे तसा."

नवरीच्या बापाने मान डोलावली. इंजिनबाई मात्र पाना हातात धरून जागच्या जागी उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं बोटीवर काढली आणि एवढी साधी गोष्ट हिला माहीत नाही? नव्हती माहीत. कारण प्रत्येक लग्नाला ती खाली असायची. लग्नं तिने पायांनी ऐकली होती. डोक्यावर बूट वाजले की पाहुणे आले, मामाने "दोर!" अशी आरोळी ठोकली की इंजिनाचा दांडा पुढे सरकवायचा, नंतर टाळ्या पडल्या की लागलं लग्न. वर कशामागून काय होतं याच्याशी तिला काय देणंघेणं? जन्मात एकच लग्न तिने वर उभं राहून पाहिलं होतं, आणि ते तिचं स्वतःचं.

आणि तिच्या लग्नाला खाली इंजिनावर कोण होतं? कुणीच नाही. इंजिनवाली तर वर नवरी होऊन उभी होती. बरं, दोर कुणी सोडला? तेव्हाचा दोरवाला तिच्या शेजारी नवरा होऊन उभा होता! बोटीवरची तीन माणसं, आणि तिन्ही लग्नात. एक लग्न लावतोय आणि दोघं लग्न करतायत.

"मामा," तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मग माझं?"

मामाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"तू खाली जा," तो म्हणाला. "आधी ती हवा काढ."

ती खाली गेली. तिने नळीतली हवा काढली. काय गंमत असेल ती असो, या वेळी इंजिन पहिल्याच फटक्याला चालू झालं, वरून "दोर!" अशी आरोळी आली, बोट निघाली, आणि डोक्यावर टाळ्या पडल्या तेव्हा इंजिनबाई त्या धडधडाटात एकटीच मोठमोठ्याने हसत होती. तिचं लग्न झालंच नव्हतं! मोडायचं वगैरे नंतर, आधी ते झालेलं तर पाहिजे!

एवढा आनंद कशाचा, ते सांगायला नवरोबांची ओळख करून द्यायला हवी.

नवरोबा दिसायला राजबिंडा, बोलायला मधाळ, आणि कामाला अंगचोर. लग्नाचा रंग उतरायच्या आत त्याने दोर टाकला आणि गाव सोडलं. कधी कुठे गाणाऱ्यांच्या टोळीत, कधी कुठे हॉटेलच्या दारात पाहुण्यांना सलाम ठोकत. तिने रडून घेतलं, मग डोळे पुसले आणि काडीमोडाचा अर्ज करायला गेली. तिथला नियम असा, की नवराबायको सलग काही काळ वेगळे राहिले तर एकाच्या अर्जावर लग्न मोडता येतं. एरवी कुठली वेळ न पाळणारा हा गडी इथे मात्र बरोबर मुदत भरत आली की उगवायचा. रात्री येऊन जेवायचा, ओसरीवर झोपायचा, सकाळी शेजारपाजाऱ्यांना हसून नमस्कार करायचा आणि पुन्हा गायब. मुदत परत पहिल्यापासून सुरू.

तेही तिने पोटात घातलं असतं. पण यंदा तिला समुद्रावर जायची संधी आली होती. मोठ्या मालबोटीच्या इंजिनघरात जागा! लहानपणापासून ती नदीच्या खालच्या अंगाला बघत उभी राहायची, पाणी जिकडे जातं तिकडे. परीक्षा दिली, पास झाली, आणि घोडं अडलं कुठे, तर लग्न झालेल्या माणसाला दूरच्या बोटीवर जायला जोडीदाराची संमती लागते. नवरोबाने सही द्यायला साफ नकार दिला.

"तू समुद्रावर गेलीस तर मी आल्यावर जेवायला कोण वाढणार?" तो म्हणाला होता. मस्करीत नाही, अगदी मनापासून.

तेव्हा आता कळलं असेल, की ती का हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला तिने वकीलबाईंना गाठलं. वकीलबाई पलीकडच्या काठावर राहायच्या आणि रोज फेरीने कोर्टात यायच्या. पाण्याची त्यांना जबर भीती. बोट निघाली की कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या आणि धक्का येईपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत. त्या दिवशी इंजिनबाईने त्यांना कानात सगळं सांगितलं. वकीलबाईंनी आधी एक हात सोडला, मग दुसरा सोडला, आणि नदीच्या मधोमध त्या चक्क टाळी वाजवून मोकळ्या झाल्या.

"अगं, हा काडीमोड नाहीच!" त्या ओरडल्या. "काडीमोड म्हणजे होतं ते मोडलं. आपण कोर्टाला म्हणायचं, हे लग्न मुळातच रद्दबातल आहे, तसं जाहीर करा. मुदत नको, त्याची सही नको, काही नको. अशी केस माझ्या उभ्या जन्मात आली नाही गं!"

"म्हणजे मी बिनलग्नाची?"

"पहिल्यापासून! आत्ता या क्षणालासुद्धा!"

इंजिनबाईने कठड्याला टेकून मोठा श्वास घेतला. नदी तीच, वारा तोच, पण तिला सगळंच नवं दिसत होतं. मग इंजिनाचा आवाज बदलल्याचं तिच्या लक्षात आलं आणि ती धावत खाली गेली.

अर्ज दाखल झाला. नवरोबाला समन्स पोचलं, आणि तो मुदत भरायची वाट न बघता तिसऱ्याच दिवशी दारात हजर. अंगात नवा शर्ट, केस तेल लावून बसवलेले.

"राणी," तो म्हणाला, "हे काय ऐकतोय मी? आपलं लग्न खोटं?"

"खोटं नाही. झालंच नाही."

"सगळ्या जगाने पाहिलंय. बोट पलीकडच्या काठापर्यंत गेली होती. तूच नेलीस."

"शपथा झाल्यावर! लग्नाचे कपडे वर खोचून मी खाली उतरले आणि बोट चालू केली. त्या कपड्यांवरचा तेलाचा डाग अजून गेला नाही."

"लोकांना आधी काय आणि नंतर काय ते थोडंच आठवतंय?" तो गोड हसला. "त्यांना एवढंच आठवतं, की बोटीवर लग्न होतं आणि बोट चालली होती. आणि दोर मीच सोडला होता. तसं मी कोर्टात सांगणार. बरं, जेवायला काय आहे?"

तिने दार लावून घेतलं. दाराच्या आत ती रागाने लाल झाली होती, पण लोकांबद्दल तो म्हणत होता ते खरं होतं. शेजारीण, शिंपीकाका, वरच्या आळीचे मास्तर, ज्याला विचारावं तो डोळे मिटून सांगायचा, "हो हो, काय मस्त वारा होता, पाणी अंगावर उडत होतं." माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांच्या डोक्यात लग्न आणि नंतरची सफर यांचा एकच गोळा झाला होता.

पक्कं सांगू शकेल असा एकच माणूस होता, मामा. ती त्याच्याकडे गेली.

मामा सुकाणूच्या खोलीत पितळेचा भोंगा पुसत होता. लखलखीत भोंगा तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

"मामा! गेल्या वर्षी कुठल्या लग्नात कुठली नवरी शिंकली ते तुला आठवतं."

"हे नाही आठवत."

"दोर सुटल्याशिवाय शपथा देत नाहीस ना तू? मग माझ्या वेळी कुणी सोडला? तूच सांग."

"पोरी, मी कागदावर लिहून दिलंय, बोट पाण्यात होती म्हणून. आता उलट सांगितलं तर माझा अधिकार जाईल. लग्नं लावायची बंद होतील."

"आणि माझा समुद्र जातोय, त्याचं काय?"

मामा भोंगा पुसत राहिला. ती पाय आपटत निघून गेली, आणि त्या आठवड्यात कामापुरतं सोडून त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मामा वरून "दोर!" ओरडायचा, ती खालून दांडा सरकवायची, बस्स.

कोर्टाच्या दिवशी तिला पहाटेच जाग आली. तिने नखांतलं तेल ब्रशने घासून काढलं, तरी ते थोडं राहिलंच. बोट पलीकडच्या काठाला लागली तेव्हा वकीलबाई धक्क्यावर उभ्याच होत्या. आज त्यांनी कठडा धरला नाही. कोर्टात पोचायला इतक्या उतावीळ झाल्या होत्या, की पाण्याला भ्यायचं त्या विसरूनच गेल्या.

कोर्टाची खोली खच्चून भरली होती. फेरीचे रोजचे प्रवासी झाडून आले होते. ज्यांना बसायला जागा नव्हती ते खिडकीत चढले. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. ते दर दोन वाक्यांनंतर रुमाल नाकाला लावत आणि लोकांनी हसू नये म्हणून आधीच डोळे वटारत. अगदी मागच्या बाकावर, गणवेश घालून आणि टोपी मांडीवर ठेवून, मामा बसला होता. साक्षीदारांत त्याचं नाव नव्हतं. इंजिनबाईने त्याला पाहिलं आणि मान फिरवली.

आधी शेजारीण उभी राहिली. ती भाबड्या खरेपणाने म्हणाली, की बोट चालली होती, तिच्या चपलेत पाणी गेलं होतं. शिंपीकाका म्हणाले, तसंच. इंजिनबाईने आपलं सांगितलं: ती वर होती, नवरा वर होता, इंजिन बंद होतं. नवरोबाचा वकील उठला आणि हसत म्हणाला, "दोर सोडल्यावर नदीचा प्रवाह बोटीला आपसूक नेतो. इंजिन लागतंच असं नाही. खरं ना?" खरं होतं. तिला "हो" म्हणावं लागलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

मग नवरोबा आला. त्याने न्यायाधीशांना असा वाकून नमस्कार केला की तेही जरा सुखावले. दोर आपणच सोडला, मग येऊन नवरीशेजारी उभं राहिलो, असं त्याने सांगून टाकलं. त्याचा वकील खाली बसला. सगळं कसं छान चाललं होतं त्यांचं!

वकीलबाई उठल्या. इंजिनबाईला वाटलं, आता या तोफ डागणार. पण वकीलबाई एकदम मवाळ झाल्या.

"तुमच्या लग्नाबद्दल मी इतकं ऐकलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडून ऐकायची फार इच्छा आहे. कसं होतं हो ते?"

आता नवरोबाला बोलायला लावणं म्हणजे पाण्याला वाहायला सांगणं. तो खुलला.

"काय सांगू! सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. इंजिनघराच्या दारातून ही बाहेर आली, आणि मी पुढे होऊन हिचा हात हातात घेतला. म्हटलं, राणी, हा हात मी आता सोडणार नाही. आणि नाहीच सोडला. दारापासून थेट शपथा संपेपर्यंत!"

"एकदाही नाही सोडला?"

"एकदाही नाही!" तो छातीवर हात ठेवून म्हणाला. मागच्या बाकांवरच्या दोघीतिघींनी चक्क उसासे सोडले.

"वा!" वकीलबाई म्हणाल्या. "मग दोर सोडायला धक्क्यावर उतरलात, तेव्हा बाईंना पण ओढत नेलंत का?"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग खिडकीतला एक जण फिसकन हसला, आणि त्याच्यामागून सगळी खोली. न्यायाधीश रुमालाच्या आड बराच वेळ राहिले, सर्दीमुळेच असेल. नवरोबाच्या कपाळावर घाम आला, पण गडी पडला तरी नाक वर असणाऱ्यांतला.

"म्हणजे... दोर मी नाही, कप्तानांनी सोडला," तो म्हणाला. "हो, आता आठवलं. कप्तानांनीच. हवं तर विचारा त्यांना, ते बसलेत मागे."

त्याला खात्री होती, की मामा अधिकार गमवायला तयार होणार नाही. इंजिनबाईलाही तीच खात्री होती, आणि तिने डोळे मिटून घेतले.

"कप्तान," न्यायाधीश म्हणाले, "पुढे या."

मामा उठला. टोपी डोक्यावर घालू की हातात ठेवू असा त्याचा गोंधळ झाला, शेवटी त्याने ती बाकावरच ठेवली. पिंजऱ्यात उभा राहिल्यावर तो आधी कुणाकडेच बघेना.

"दोर तुम्ही सोडलात?"

"नाही, साहेब. कुणीच सोडला नाही. बोट काठालाच बांधलेली होती."

खोलीत असा कल्लोळ उठला की शिपायाला टेबल बडवावं लागलं. इंजिनबाई नकळत उभी राहिली होती. वकीलबाईंनी तिला हात धरून खाली बसवलं.

"तुमच्या ध्यानात राहिलं नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

मामाला एवढं "हो" म्हणून सुटता आलं असतं. गडबडीत विसरलो म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला कोण काय शिक्षा देणार? पण मामाने मान हलवली.

"माझ्या चांगलं ध्यानात होतं, साहेब. शपथांच्या आधी मी 'दोर!' म्हणून ओरडतो. त्या दिवशीही ओरडायला छाती भरून घेतली आणि नवरदेवाकडे पाहिलं. माझी पोर त्याच्याकडे बघत होती. अशी बघत होती, की मला कसंतरीच झालं. आणि तो सुकाणूच्या काचेत स्वतःला बघून केस सारखे करत होता. माझ्या तोंडून आरोळी निघेचना. मी तसाच शपथा द्यायला लागलो. मनात म्हटलं, राहू दे तूर्तास बांधलेलं. हा माणूस नीट निघाला तर दोघांना एक दिवस नदीत नेईन आणि पुन्हा म्हणून घेईन सगळं. नाही निघाला, तर पोर मोकळी आहे."

"तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहून दिलंत. याचा अर्थ कळतो ना? तुमचा अधिकार जाईल."

"जाऊ दे, साहेब. मला तो ठेवायचा हक्क नाही."

न्यायाधीश थोडा वेळ कागदावर लिहीत राहिले. मग ते म्हणाले, की या प्रकरणात आणखी काही ऐकायची गरज नाही. बोट काठाला बांधलेली असताना कप्तानाला अधिकार नव्हता, सबब हे लग्न मुळापासून रद्दबातल आहे, ते कधी झालंच नाही, असं हे कोर्ट जाहीर करतं. एवढं बोलून ते इतक्या जोरात शिंकले की निकालावर शिक्काच बसला म्हणायचा.

वकीलबाईंनी इंजिनबाईला मिठी मारली. शेजारीण रडत रडत सांगत होती, की चपलेत पाणी गेलं ते नंतर, आता सगळं आठवलं. शिंपीकाका इंजिनबाईचे दोन्ही हात धरून हलवत होते. नवरोबा मधेच उभा राहून एकेकाला विचारत होता, "म्हणजे मी आता कुठे जेवायचं?" आणि कुणीही त्याला उत्तर देत नव्हतं. इंजिनबाईला ओरडावंसं वाटत होतं, पळावंसं वाटत होतं, एकाच वेळी सगळं. मालबोट पुढच्या महिन्यात निघणार होती, आणि ती तिच्यावर असणार होती. कुणाच्याही सहीशिवाय.

ती बाहेर आली तेव्हा मामा पायऱ्यांवर एकटाच बसला होता. डोकं उघडंच होतं, टोपी तो आतच विसरला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. कोर्टात कुणाच्या डोक्यात न आलेला प्रश्न तिच्या डोक्यात घणासारखा वाजत होता.

"तो पळून गेला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"घाबरलो. अधिकार जाईल, लोक हसतील. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं वाटलं."

"ते पहिल्या वर्षी. त्यानंतर? तो दर वेळी येऊन मुदत मोडायचा आणि मी तुझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडायचे. तेव्हा का गप्प बसलास?"

मामाने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, पण त्याने ते पुसले नाहीत.

"तू सुटलीस तर समुद्रावर जाशील, म्हणून," तो म्हणाला. "त्याने अडवलं काय आणि मी अडवलं काय, पोरी, एकच. तो उघड अडवत होता, मी चोरून."

तिला वाटलं, आपण आता याला धरून गदागदा हलवणार. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की याच्या गळ्यात पडून भोकाड पसरावं. एवढा राग आणि एवढी माया एका माणसाबद्दल एका क्षणी वाटू शकते, हे तिला तोवर माहीत नव्हतं. आतून वकीलबाई हाका मारत होत्या, लोक पायऱ्यांवरून गलका करत उतरत होते, कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारून गेलं. तिचं काळीज आनंदाने नुसतं उड्या मारत होतं, आणि ते थांबवायची तिची तयारी नव्हती.

"मामा," ती म्हणाली, "मी आज फार फार खूश आहे. तुझ्याशी भांडायचंय, आणि मोठं भांडायचंय, जन्मात भांडले नाही एवढं. पण ते उद्या. आज नाही. आज ऊठ."

तिने त्याला हाताला धरून उठवलं. दुसऱ्या दिवशी तिने शब्द पाळला. पहाटे सुकाणूच्या खोलीत शिरून तिने जे तोंड सोडलं, ते धक्क्यावरच्या माणसांना ऐकू येत होतं. मामा टोपी काढून समोर उभा राहून सगळं ऐकत होता, आणि मधेमधे "बरोबर आहे तुझं" एवढंच म्हणत होता. पहिली फेरी त्या दिवशी उशिरा निघाली. प्रवासी कुरकुरत होते, पण वर जाऊन त्या दोघांना थांबवायची कुणाची छाती झाली नाही.